मेश वायफाय ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये अडलं, तर बिघाड कुठे शोधायचा

फायबर कंपनीनं बसवलेल्या डब्याचं (म्हणजे तिच्या राउटरचं) वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, म्हणून दोन-तीन युनिटांचा मेश संच घरी येतो: एकमेकांशी जोडलेली, घरभर एकाच नावाचं वायफाय पसरवणारी यंत्रं. संच जसा आला तसा लावला की घरात एकामागे एक असे दोन राउटर होतात, एक फायबर कंपनीचा आणि एक आपला. मग डबल नॅट होतं (नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या एका पत्त्यामागे ठेवणं, ते इथे दोनदा होतं), आणि डब्याला जोडलेला प्रिंटर मेशवरच्या फोनला सापडत नाही. उपाय म्हणून मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून फक्त वायफाय पुरवण्यावर, टाकतात आणि तो उपाय बरोबरच आहे. खरी अडचण त्यानंतर येते. ॲपमध्ये तिन्ही युनिटं हिरवी दिसतात, फोनवर रेंज फुल्ल असते, आणि नेट मात्र चालत नाही. लगेच सुई घेऊन मेश रिसेट करण्याचा मोह होतो. तो आवरा. या मोडमध्ये पुष्कळसे बिघाड मेशमध्ये नसतातच. ते फायबरच्या डब्यात किंवा मधल्या तारेत असतात आणि मेश कितीही वेळा रिसेट केलं तरी जागचे हलत नाहीत.

म्हणून शोध घेताना एकच प्रश्न समोर ठेवायचा: बिघाड पत्त्याचा आहे, तारेचा आहे, की हवेचा? पत्ता म्हणजे आयपी, तार म्हणजे लॅन केबल, हवा म्हणजे रेडिओ. तिघांची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखायला लॅपटॉप, एक चांगली केबल आणि अर्धा तास पुरतो.

कोणाचं काम कोणाकडे गेलं

मोड बदलला की मेश राउटर राहत नाही. तो अँटेना असलेला स्विच होतो. उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम म्हणजे डीएचसीपी, शिवाय नॅट, फायरवॉल, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं), पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं), एखाद्या उपकरणासाठी पत्ता राखून ठेवणं, हे सगळं फायबरच्या डब्याकडे जातं. मेशकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड, चॅनल, युनिटांमधला दुवा आणि फोनला एका युनिटवरून दुसऱ्यावर नेणं एवढंच उरतं.

ही वाटणी ध्यानात आली की काही ‘बिघाड’ बिघाड नाहीत हे कळतं. मुलांच्या फोनवरची वेळमर्यादा किंवा एखाद्या उपकरणाला जास्त स्पीड देण्याची सोय अनेक संचांच्या ॲपमधून गायब होते, कारण ती कामं राउटरची. मेशच्या ॲपमध्ये डीएनएस बदलून घरातल्या फोनवर परिणाम होत नाही. तो डब्यातच बदलावा लागतो. राउटर मोडमध्ये राखून ठेवलेले पत्ते आणि उघडलेले पोर्टही डब्यात नव्यानं टाकावे लागतात. आणि मेशचं पान आधी ज्या पत्त्यावर उघडायचं (टीपी-लिंक कंपनीच्या डेको मेशच्या बऱ्याच संचांत १९२.१६८.६८.१), त्या पत्त्यावर आता काहीच नसतं. मेशलाही आता डब्याकडूनच पत्ता मिळतो. तो डब्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत शोधा आणि तिथेच राखून ठेवा.

एक अपवाद आधीच सांगतो. प्रत्येक संचाला हा मोड मानवत नाही. गुगल नेस्ट वायफायमध्ये एकाहून अधिक पॉइंटांचं मेश असेल तर मुख्य पॉइंटला ब्रिज मोडवर (ॲक्सेस पॉइंट मोडचं तिथलं नाव) टाकता येत नाही. तिथे फायबरचा डबा ब्रिज करून घेणं, म्हणजे त्याचंच राउटरचं काम बंद करणं, किंवा डबल नॅटसह राहणं हेच पर्याय आहेत.

जोडणी एकदा नीट तपासा

१. संगणकाच्या ब्राउझरमधून डब्याचं पान उघडा. जिओफायबरच्या डब्याचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो, एअरटेलच्या बहुतेक डब्यांचा १९२.१६८.१.१. डीएचसीपी चालू आहे याची खात्री करा. मेश नीट चालायला लागेपर्यंत डब्याचं स्वतःचं वायफाय चालू राहू द्या. आत शिरायला दुसरी वाट राहते.

२. डब्याच्या लॅन पोर्टातून केबल मुख्य युनिटात घाला. ज्या संचात ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ असं पोर्ट वेगळं दाखवलेलं असतं, तिथे सहसा त्याच पोर्टात. डेकोच्या बहुतेक मॉडेलांत कुठलंही पोर्ट चालतं. डब्याचं फोनचं पोर्ट दिसायला लॅनसारखंच पण थोडं अरुंद असतं. टीव्ही बॉक्ससाठी वेगळं ठेवलेलं लॅन पोर्ट असेल तर तेही टाळा.

३. मोड बदला. डेकोच्या ॲपमध्ये मोअर, ॲडव्हान्स्ड, ऑपरेटिंग मोड, ॲक्सेस पॉइंट अशी वाट आहे. संच पुन्हा सुरू होईल. पाच मिनिटं काही दाबू नका.

४. घरातला प्रत्येक फोन आणि लॅपटॉप वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. ही पायरी हमखास राहते आणि पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो: उपकरण आधीच्या राउटरनं दिलेला जुना पत्ता धरून बसतं.

५. सगळं चाललं की डब्याचं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वायफाय बंद करा. डब्याला आणि मेशला एकच नाव-पासवर्ड देऊन दोन्ही चालू ठेवण्याची युक्ती सांगितली जाते, ती चांगली नाही. मेशची युनिटं फोन कोणी घ्यायचा हे आपसांत ठरवतात; डबा त्या बोलण्यात नसतो. फोन डब्याला चिकटतो आणि मागच्या खोलीत गेलात तरी सोडत नाही.

आता पत्ता वाचा

नेट चालत नसलेला फोन हातात घ्या. अँड्रॉइडवर वायफायच्या नावाशेजारचं चाक दाबलं, आयफोनवर ‘आय’ दाबलं, की आयपी पत्ता आणि राउटर किंवा गेटवेचा पत्ता दिसतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग लिहा. डबा १९२.१६८.२९.१ वर आहे असं धरलं, तर चारांपैकी एक चित्र दिसेल.

पत्ता १९२.१६८.२९ नं सुरू होतो आणि गेटवे १९२.१६८.२९.१ आहे: पत्ता ठीक. तरी नेट नसेल तर डबा किंवा फायबर तपासा. नेट आहे पण रडतंय, तर तार किंवा हवा. खालच्या ‘तार’ आणि ‘हवा’ या भागांवर जा.

पत्ता १९२.१६८.६८ किंवा मेशच्या जुन्या मालिकेतला आहे: एकतर मोड बदललाच गेलेला नाही, किंवा फोन जुना पत्ता सोडायला तयार नाही. ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. तरीही तोच पत्ता आला तर मेश अजून राउटरच आहे. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ चालवून (संदेश कोणकोणत्या राउटरांतून बाहेर जातो हे ते दाखवतं) पहिल्या दोन ओळी पाहा. पहिली मेशची आणि दुसरी डब्याची असे दोन्ही १९२.१६८ चे पत्ते दिसले तर डबल नॅट कायम आहे. दुसरी किंवा तिसरी ओळ १००.६४ ते १००.१२७ यांतली असेल तर मात्र घाबरू नका. ते कंपनीच्या बाजूचं सामाईक नॅट आहे, आपल्या घरातलं नाही, आणि मोड बदलून ते जाणार नाही.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो, किंवा फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर अडकतो: वायफाय जुळलंय, पण पत्ता मागणारी हाक डब्यापर्यंत पोचत नाही किंवा डब्याकडून उत्तर येत नाही. लॅपटॉप त्याच केबलनं थेट डब्याला जोडा. पत्ता मिळाला तर दोष डबा आणि फोन यांच्या मध्ये आहे, मुख्य युनिट किंवा त्याचं पोर्ट. नाही मिळाला तर केबल बदलून पाहा, आणि मग डब्याचं डीएचसीपी.

पत्ता तिसऱ्याच मालिकेतला आहे, किंवा मालिका बरोबर पण गेटवे भलताच: घरात पत्ते वाटणारा आणखी कोणीतरी आहे. बहुधा तो जुना राउटर असतो, टीव्हीमागे चार पोर्टांसाठी स्विच म्हणून लावलेला. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता उपकरण घेतं, म्हणून हा बिघाड कधी या फोनवर तर कधी त्या लॅपटॉपवर असा फिरत राहतो. त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला डब्याच्या मालिकेतला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात घाला. याहून सोपं म्हणजे तो काढून पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच बसवा.

पत्ते संपतात तेव्हा

घरातले जुने फोन चालतात, नवीन पाहुण्याचा फोन जोडला जात नाही, असं झालं तर डब्याच्या डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट पाहा. काही डब्यांत वाटायच्या पत्त्यांची ही यादी (पत्त्याचा शेवटचा आकडा) शंभर ते दीडशे अशी आखडती ठेवलेली असते, म्हणजे जेमतेम ५१ पत्ते. चौघांच्या घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि मेशची तीन युनिटं धरून पंचवीस-तीस सहज भरतात. गणपतीत दीड दिवसासाठी वीस माणसं आली की यादी संपते. त्यात अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) दाखवतात. एकच फोन आधी डब्याच्या वायफायवर, मग मेशवर, मग पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या गेस्ट वायफायवर जोडला की तीन पत्ते अडवतो.

यादी ५० ते २५० अशी वाढवा. पाहुण्यांच्या दिवसांत लीजची मुदत (एक पत्ता किती वेळासाठी दिला जातो ती) २४ तासांवरून दोन-तीन तासांवर आणा. ज्या प्रिंटर-कॅमेऱ्यांना पत्ता राखून द्यायचा ते ५० च्या आतले धरा. डबा यादीबाहेरचा पत्ता राखू देत नसेल तर यादीच्या सुरुवातीचे.

मुदतीवरून आणखी एक बिघाड ओळखता येतो. उपकरण निम्मी मुदत संपली की पत्ता वाढवून मागतं. उत्तर नाही आलं तर पुन्हा मागत राहतं आणि मुदत पूर्ण संपली की नेट सोडतं. त्यामुळे एखादं उपकरण घड्याळ लावल्यासारखं ठरावीक तासांनी तुटत असेल, तर तो आकडा लीजच्या मुदतीशी ताडून पाहा. जुळला तर रेंजच्या मागे लागू नका. दोष पत्त्याचा आहे.

डीव्हीआर गायब झाला

मोड बदलल्यावर सीसीटीव्हीचा डीव्हीआर मोबाइलवर दिसेनासा होणं ही फार नेहमीची तक्रार आहे. कॅमेरेवाल्यानं बसवताना डीव्हीआरला कायमचा पत्ता घातलेला असतो, समजा १९२.१६८.६८.५०. आता सगळं घर १९२.१६८.२९ मध्ये गेलं, आणि डीव्हीआर जुन्याच गल्लीत उभा आहे.

डीव्हीआरला मॉनिटर आणि माउस जोडलेला असेल तर नेटवर्कच्या मेनूत जाऊन डीएचसीपी निवडा, काम झालं. मॉनिटर नसेल तर लॅपटॉप केबलनं जोडा. लॅपटॉपच्या इथरनेटला हातानं पत्ता द्या: १९२.१६८.६८.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. आता ब्राउझरमध्ये १९२.१६८.६८.५० उघडेल. तिथे डीएचसीपी निवडा, सेव्ह करा, मग लॅपटॉपचा पत्ता पुन्हा आपोआपवर आणायला विसरू नका. डीव्हीआरचा नवा पत्ता डब्यात राखून ठेवा.

अशी हट्टी उपकरणं चार-पाच असतील तर उलटं करा: डब्याचाच लॅन पत्ता बदलून १९२.१६८.६८.१ करा, मास्क तोच. डबा हे करू देत असेल तर जुने पत्ते घातलेलं प्रत्येक उपकरण आपोआप ठिकाणावर येतं.

तार: ९४ हा आकडा

घेतलंय ३०० एमबीपीएसचं कनेक्शन आणि स्पीड टेस्ट कुठेही, कधीही घेतली तरी ९३-९४ च्या वर जात नाही? मेशला दोष देऊ नका, केबल पाहा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात. एक जरी जोडी तुटली तरी दोन्ही बाजू मुकाट्यानं १०० एमबीपीएसवर उतरतात आणि त्यातून हाती साधारण ९४ उरतात. दिवा लागलेला असतो, नेट चालू असतं, म्हणून कोणाला शंका येत नाही.

केबलच्या टोकाची पारदर्शक जॅक उजेडात धरा. खिट्टी खाली आणि सोनेरी पात्या वर, आपल्यापासून पलीकडे, अशी धरून डावीकडून वाचलं की क्रम असा दिसला पाहिजे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा पात्यांखाली टोकापर्यंत पोचलेल्या हव्यात. पुष्कळदा चारच दिसतात, नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या. निळी आणि तपकिरी जोडी जॅकच्या बाहेरच कापून मागे दुमडलेली असते. शंभरच्या कनेक्शनच्या काळात चार तारांत भागायचं म्हणून तशी क्रिंप केली गेली (जॅक दाबून बसवला गेला), आणि आज तीच केबल गिगाबिट मेशला लावलेली आहे. दोन्ही टोकांना नवीन जॅक, आठही तारा, की वेग परत येतो. क्रिंपिंगची पकड नसेल तर लहान अंतराला तयार कॅट-६ पॅच केबल आणा.

भिंतीतून ओढलेल्या केबलची एक वेगळी खोड असते. बांधकामाच्या वेळी टाकलेली वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल, तर छोट्या अंतरात चालते आणि लांब अंतरात, वाकणात, जुन्या सांध्यात कधी १००० तर कधी १०० वर झुलते. कापलेल्या टोकाला तार नखानं खरवडा; आतून चंदेरी निघाली तर तीच. गाभ्यापर्यंत तांबं असलेली कॅट-५ई घरातल्या कुठल्याही अंतराला पुरते, शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. महागड्या कॅट-८ ची गरज नाही.

सगळं घरच एकदम बसलं, तर

मेश, टीव्ही, केबलवरचा संगणक, सगळं एका क्षणी बंद. स्विचचे सगळे दिवे एकसाथ वेड्यासारखे लुकलुकताहेत. हे लूप आहे. एकाच दोन ठिकाणांमध्ये दोन वाटा तयार झाल्या आणि एकच संदेश गोल गोल फिरत राहिला. साफसफाईनंतर मोकळी लटकणारी केबल कोणीतरी जवळच्या रिकाम्या पोर्टात खुपसली, पण तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं, असं पुष्कळदा निघतं. दुसरा प्रकार: एक युनिट मुख्य युनिटालाही केबलनं जोडलंय आणि स्विचलाही.

स्विचमधल्या केबली एकेक करून काढा. जी काढल्यावर दिवे शांत होतात तिचं दुसरं टोक शोधा.

तिसरा प्रकार दिसत नाही. केबलनं जोडलेलं युनिट आधी वायरलेस दुव्यावरही असतं, आणि केबल आहे हे ओळखून तो दुवा त्यानं सोडायचा असतो. ही ओळख अनेक संच १९०५.१ नावाच्या प्रोटोकॉलवर पटवतात. मध्ये बसवलेला एखादा मॅनेज्ड स्विच ते संदेश पुढे जाऊ देत नाही, मग युनिटं दोन्ही वाटा चालू ठेवतात. असा संशय आला तर तो स्विच काढून साधा, सेटिंग नसलेला गिगाबिट स्विच लावून एक दिवस पाहा. बिघाड गेला तर उत्तर मिळालं.

हवा: दुवा आधी, फोन नंतर

युनिट केबलनं जोडता येत असेल तर जोडाच. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लांबची युनिटं मुख्य युनिटाला जोडली काय किंवा सरळ डब्याला किंवा स्विचला जोडली काय, बहुतेक संचांत दोन्ही चालतं. केबल शक्य नसेल तर युनिटांमधल्या वायरलेस दुव्याची ताकद ॲपमध्ये पाहा. ती डीबीएममध्ये उणे आकड्यांत दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितका संकेत जोरदार: उणे ५० ते उणे ६५ डीबीएम उत्तम, उणे ७० काठावर, उणे ७५ च्या पलीकडे दुवा नावापुरता.

इथे एक चूक समजूतदार माणसंही करतात: रेंज जिथे मरते त्याच खोलीत युनिट ठेवतात. तिथे फोनला रेंज फुल्ल दिसते, कारण फोन आणि युनिट यांचं छान जमलेलं असतं. पण युनिटालाच मागून नेट पोचत नाही. युनिट मधल्या वाटेवर ठेवा, मुख्य युनिटापासून एक, फार तर दोन भिंतींवर. आरसीसीचा खांब, लिफ्टची भिंत, लोखंडी कपाट, आरशाचं वॉर्डरोब, भरलेली पाण्याची टाकी यांच्या मागे नको. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झ एका भिंतीतच दमतं. तिथे युनिटं दाराच्या रेषेत ठेवा, नाहीतर केबलच ओढा. टीव्ही युनिटच्या खणात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेलं मेश हे अर्धं मेश.

दोन बँडच्या संचात युनिट ज्या रेडिओवर नेट घेतं त्याच रेडिओवर फोनला देतं, म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. मुख्य युनिटाजवळ ३०० आणि दुसऱ्याजवळ १४० मिळत असतील तर काहीही बिघडलेलं नाही. तिसरं युनिट दुसऱ्याच्या मागे लागलं असेल तर तिथे ७० दिसतील. शक्यतो तिन्ही एका ओळीत लावू नका. मुख्य युनिट मधोमध आणि बाकी दोन दोन बाजूंना, असं केलं की दोन्ही एकाच टप्प्यावर येतात. त्यासाठी डबा हलवायची गरज नाही, डब्यापासून मुख्य युनिटापर्यंत लांब केबल टाका.

चॅनल निवडता येत असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. दाट सोसायटीत ४० ची रुंदी म्हणजे शेजारच्या चार घरांचा गोंगाट ओढवून घेणं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिवसातून एक-दोनदा मिनिटभर गायब होऊन परत येत असेल तर ते ५२ ते १४४ यांतल्या चॅनलवर आहे का पाहा. त्या पट्ट्यात रडारसारखा संकेत ऐकू आला की युनिट चॅनल सोडतं, आणि त्या पट्ट्यातल्या नव्या चॅनलवर बसण्याआधी साधारण ६० सेकंद नुसतं ऐकतं. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ वर हलवा.

फोन दूरच्या युनिटाला चिकटून राहिला तर आधी फास्ट रोमिंग (फोनला एका युनिटवरून दुसऱ्यावर चटकन नेणारं सेटिंग) चालू करून पाहा. जुना प्रिंटर किंवा टीव्ही त्यानंतर तुटायला लागला तर बंद करा. हे सेटिंग घरागणिक वेगळं लागतं, एकच बरोबर उत्तर नाही.

स्मार्ट प्लग, प्रिंटर आणि गेस्ट

स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच, स्वस्त कॅमेरे यांतले बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची जुनी पद्धत; नवी ती डब्ल्यूपीए३) समजतात. मेशवर डब्ल्यूपीए३ सक्तीचं असेल तर ते जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ ठेवा, किंवा संचात अशा स्मार्ट उपकरणांसाठी (‘आयओटी’) वेगळं नाव देता येत असेल तर ते २.४ आणि डब्ल्यूपीए२ वर बनवा. सेटअप करताना फोन ५ वर असल्यामुळे प्लग सापडत नसेल, तर दहा मिनिटांपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा आणि काम झाल्यावर चालू करा.

प्रिंटर किंवा टीव्ही दिसत नसेल तर दोन्हींचे पत्ते ताडून पाहा. पहिले तीन आकडे एकच असतील आणि तरी दिसत नसेल, तर त्यांपैकी एक गेस्टवर किंवा आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडून ठेवणारं सेटिंग) चालू असलेल्या वायफायवर आहे.

गेस्टबद्दल सावध राहा. या मोडमध्ये गेस्ट वायफाय वेगळं ठेवण्याचं काम प्रत्येक संच सारखं करत नाही. गेस्टवर जोडलेल्या फोनवरून डब्याचं पान आणि प्रिंटरचा पत्ता उघडून पाहा. उघडले तर तुमचं गेस्ट नेटवर्क नावाचंच गेस्ट आहे. लॉज, होमस्टे किंवा दवाखाना चालवणाऱ्यांनी ही चाचणी केल्याशिवाय पासवर्ड फलकावर लावू नये.

लाइट जाऊन आल्यावर

पावसाळ्यात लाइट दोन मिनिटं जाते, येते, आणि नेट मात्र येत नाही. लाइट आल्याबरोबर डबा आणि मेश एकदमच सुरू होतात. मेश काही वेळा आधी उठून पत्ता मागतं तेव्हा डबा अजून उठलेला नसतो. पत्ता न मिळालेलं मेश लाल दिवा दाखवत बसतं आणि काही संच पुन्हा मागायला फार वेळ लावतात. मेशचं बटण बंद करा, डब्याचा पॉन दिवा (फायबरची लाइन जुळल्याचा) स्थिर हिरवा होईपर्यंत थांबा, साधारण तीन-चार मिनिटं, मग मुख्य युनिट, आणि दोन मिनिटांनी बाकीची.

कायमचा उपाय म्हणजे डबा आणि मुख्य युनिट दोन्हीला छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस. फक्त डब्याला लावून भागत नाही. घेताना दोन्ही ॲडाप्टरांवरचं लेबल वाचा: व्होल्ट तंतोतंत तेच, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या युनिटाला १ अँपिअरचा यूपीएस लावला की एरवी चालतं आणि घरात सगळे एकदम व्हिडिओ पाहू लागले की युनिट आपोआप बंद होऊन सुरू होतं. तो बिघाड शोधण्यात दिवस जातात.

रिसेट करायचंच असेल

पत्ता, तार, हवा तिन्ही तपासून झालं आणि तरी एखादं युनिट जोडलं जात नाही, तेव्हाच. आधी ॲपमध्ये सगळ्या युनिटांचं फर्मवेअर एकच आहे का पाहा. मग लांबची युनिटं ॲपमधून काढा, दिव्याचा रंग बदलेपर्यंत त्यांना सुईनं रिसेट करा, शेवटी मुख्य युनिट. मुख्य युनिट पुन्हा बसवा, त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, लॅपटॉपनं नेट चालतंय याची खात्री करा, आणि मगच बाकीची एकेक जोडा. जोडताना ती मुख्य युनिटापासून दोन-तीन मीटरवर, त्याच खोलीत ठेवा. जोडली गेली की बंद करून आपापल्या जागी न्या. वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातली सगळी उपकरणं पुन्हा जोडत बसावी लागत नाहीत.

फायबर कंपनीला फोन लावण्याआधी मेशची केबल डब्यातून काढा आणि लॅपटॉप थेट डब्याला जोडून दहा मिनिटं पिंग (एखाद्या पत्त्याकडून उत्तर किती वेळात येतं हे पाहणारी आज्ञा) चालवा, एका खिडकीत डब्याच्या पत्त्याला, दुसरीत ८.८.८.८ ला. डब्याचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदात नियमित येतंय आणि बाहेरचं तुटतंय, तर दोष लाइनीचा. एलओएसचा (फायबरमधला प्रकाश हरवल्याचा) लाल दिवा लागला असेल तर फायबरच तुटलं किंवा दुमडलं आहे. डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसत असेल तर ती टिपून घ्या: उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही नेहमीची चौकट, उणे २५ च्या खाली गेली की लाइन काठावर आहे. तक्रार नोंदवताना ‘वायफाय चालत नाही’ असं म्हणू नका. मेश काढा असं उत्तर येईल आणि तिकीट बंद होईल. ‘लॅपटॉप केबलनं थेट डब्याला जोडला आहे, मेश काढलेलं आहे, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत पिंग तुटतोय, ऑप्टिकल पॉवर इतकी आहे’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.